कोऱ्या पट्ट्याची गोष्ट

नागपूरहून उमरेडमार्गे आग्नेयेकडे निघाले की भिवापूर लागते. गाव मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. हंगामात सातऱ्यांवर लाल मिरचीचे ढीग पडतात आणि बाया देठ खुडत बसलेल्या दिसतात.

समजा, इथल्या एखाद्या मिरची उत्पादकाकडे कुणी नवे खत विकायला आला. 'दुप्पट पीक येईल,' असे तो सांगतो. अनुभवी शेतकरी काय करील? सगळ्या वावराला ते खत एकदम घालणार नाही. चार तासांना घालील, शेजारचे चार तास जसेच्या तसे ठेवील आणि तोडणीपर्यंत वाट पाहील.

यातले महत्त्वाचे तास कोणते? खत घातलेले, असे आपण चटकन म्हणू. पण शेजारचे तास तसेच ठेवले नसते, तर पीक वाढले ते खताने वाढले की यंदाच्या चांगल्या पावसाने, हे कळायला काहीच मार्ग उरला नसता. काहीही न केलेला तो पट्टा सगळ्या प्रयोगाची साक्ष देतो. आपण त्याला 'कोरा पट्टा' म्हणू या.

ही गोष्ट त्या कोऱ्या पट्ट्याची आहे. पण मिरचीच्या शेतातली नव्हे, विषारी कचऱ्याने नासलेल्या जमिनीवरची. अशी जमीन साफ करण्याच्या अनेक युक्त्या गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत निघाल्या. प्रयोगशाळेत चाललेली युक्ती उघड्या जमिनीवर चालते का, हे ठरवायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना पुन्हा शेतकऱ्याच्या शहाणपणाकडेच यावे लागले.

१८४३ पासूनचा पट्टा

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे ब्रॉडबाल्क नावाचे एक शेत आहे. १८४३ साली जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांनी तिथे गव्हावर खतांचे प्रयोग सुरू केले. शेताचे पट्टे पाडले आणि प्रत्येकाला वेगळे खत दिले. एका पट्ट्याला मात्र काहीच दिले नाही. तो पट्टा आजही तसाच राखलेला आहे. पावणेदोनशेहून अधिक वर्षे त्याला शेणखत नाही की रासायनिक खत नाही. बाकीच्या पट्ट्यांतले पीक किती वाढले, हे सांगायचे ते या उपाशी पट्ट्याच्या तुलनेत.

पुढे १९१९ साली रोनाल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ तिथे आले. एकच कोरा पट्टा पुरेसा नाही, हे त्यांनी दाखवले. तो नेमका शेताच्या सुपीक कोपऱ्यात पडला तर? म्हणून पट्टे अनेक हवेत, आणि कोणत्या पट्ट्याला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवे. आज औषधांच्या चाचण्यांपासून बियाण्यांपर्यंत जी पद्धत वापरतात, तिची पायाभरणी अशी शेतात झाली.

शाळेखालचे विष

आता अमेरिकेत जाऊ. नायगारा फॉल्स या शहरात 'लव्ह कॅनॉल' नावाचा एक अर्धवट खणलेला कालवा होता. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल या कंपनीने त्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला आणि वर माती टाकली. १९५३ साली ही जमीन तिथल्या शाळा मंडळाला अवघ्या एका डॉलरला देण्यात आली. खाली कचरा आहे, हे करारात लिहिलेले होते. तरीही तिथे शाळा बांधली गेली आणि भोवती घरे उठली. सत्तरच्या दशकात तळघरांत रसायने झिरपू लागली. ऑगस्ट १९७८ मध्ये शाळा बंद करण्याचा आणि गरोदर स्त्रिया व दोन वर्षांखालील मुलांना तिथून हलवण्याचा आदेश निघाला. पाठोपाठ राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आणीबाणी जाहीर केली.

या प्रकरणातून १९८० साली 'सुपरफंड' हा कायदा आला. नासलेल्या जागा शोधायच्या, ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा आणि जागा साफ करायची, असा त्याचा हेतू. पण साफ करायची म्हणजे काय करायचे? सुरुवातीला बहुतेक ठिकाणी माती खणून दुसऱ्या खड्ड्यात नेऊन पुरली जाई. घरातला केर झाडून शेजारच्या अंगणात लोटावा, तसेच हे झाले. म्हणून १९८६ साली कायद्यात दुरुस्ती झाली. विष हलवू नका, शक्यतो त्याच्यावर कायमचा उपाय करा, असे तिचे सांगणे होते.

लगेच उपाय विकणारे पुढे आले. कुणी माती धुऊन देणार, कुणी भाजून देणार, कुणी ती सिमेंटसारखी घट्ट करणार, तर कुणी जिवाणूंना खायला घालणार. खरे कोण, हे कसे ओळखायचे? त्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८६ मध्येच एक कार्यक्रम सुरू केला. प्रत्यक्ष नासलेल्या जागेवर नव्या तंत्रांची चाचणी घ्यायची. त्यातली कामाची वाटणी लक्षात ठेवण्याजोगी आहे. यंत्र आणायचे आणि चालवायचे ते तंत्र विकणाऱ्याने, स्वतःच्या खर्चाने. नमुने घ्यायचे, तपासायचे आणि अहवाल लिहायचा तो मात्र संस्थेने. थोडक्यात, तराजू विकणाऱ्याच्या हातात द्यायचा नाही.

कोऱ्या पट्ट्याला अशी दुसऱ्या नियमाची जोड मिळाली: करणारा वेगळा आणि मोजणारा वेगळा.

तेल खाणारे जिवाणू

याच काळात तेल खाणाऱ्या जिवाणूंचा बोलबाला होता. मूळचे बंगालचे आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत काम करताना स्यूडोमोनस या जिवाणूच्या वेगवेगळ्या वाणांतले गुण एकत्र आणले. तेलातले अनेक घटक पचवणारा एक जिवाणू तयार झाला. त्याच्या एकस्वाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली चक्रवर्तींच्या बाजूने निकाल लागला. सजीवावर एकस्व घेता येते, हे त्या निकालाने ठरले. त्यामुळे हा जिवाणू पाठ्यपुस्तकांत पोचला. समुद्रावरच्या खऱ्या तेलगळतीवर मात्र तो कधीही सोडला गेला नाही. चंबूत जिंकलेल्या जिवाणूला थंडी, लाटा आणि तिथे आधीपासून राहणारे अगणित जिवाणू यांच्याशी झुंजावे लागते. शिवाय जनुके बदललेला जीव उघड्यावर सोडावा का, हा प्रश्न होताच.

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डीझ' हे जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले आणि सुमारे ३७ हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. तिथे वेगळी कल्पना लढवण्यात आली. तेल पचवणारे जिवाणू किनाऱ्यावर मुळातच असतात. तेलात त्यांना कार्बन भरपूर मिळतो, पण नायट्रोजन आणि फॉस्फरस मिळत नाहीत. जेवणात नुसता भात वाढावा आणि डाळ देऊ नये, अशी त्यांची अवस्था. मग बाहेरून जिवाणू आणण्यापेक्षा किनाऱ्याला खत का देऊ नये?

त्याच उन्हाळ्यात किनाऱ्यावर पट्टे आखले गेले. काहींवर खत टाकले, काही कोरे ठेवले. दोनेक आठवड्यांत खत टाकलेल्या एका पट्ट्यावरचे दगड उजळले. काळ्या किनाऱ्यावर तो स्वच्छ चौकोन उठून दिसू लागला. लोक हरखले, आणि शंभराहून अधिक किलोमीटर किनाऱ्यावर खत टाकले गेले.

पण आकडे मांडताना शास्त्रज्ञ अडखळले. कोऱ्या पट्ट्यांवरचे तेलही कमी होत होते, कारण लाटा त्यांनाही धूत होत्या. मग जिवाणूंनी किती खाल्ले आणि पाण्याने किती नेले? यावर एक सुंदर युक्ती निघाली. कच्च्या तेलात होपेन नावाचा रेणू असतो. तो जिवाणूंना सहसा पचत नाही. लाटेने तेल वाहून गेले तर होपेनही त्याच प्रमाणात जाते. जिवाणूंनी तेल खाल्ले तर बाकीचे घटक कमी होतात आणि होपेन मागे राहते. म्हणून होपेनशी इतर घटकांचे गुणोत्तर काढले की जिवाणूंचा वाटा कळतो. या हिशेबाने खताचा उपयोग होतो हे दिसले. पण तो सगळीकडे सारखा होत नाही, हेही दिसले. पुढे २००१ साली किनारे तपासले तेव्हा वाळू-गोट्यांखाली तेल सापडलेच. वरचा दगड उजळला म्हणजे किनारा साफ झाला, असे नव्हते. तिसरा नियम मिळाला: निकालाची घाई करू नये.

नागपूरचे ढिगारे

आता आपल्या जिल्ह्यात परत येऊ. १९५८ साली नागपूरला सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था झाले. आपण तिला 'नीरी' म्हणून ओळखतो. या संस्थेला प्रयोगासाठी जागा शोधत लांब जायची गरज नव्हती. उत्तरेला सावनेर तालुक्यात गुमगावची मँगनीजची खाण. भिवापूरच्या वाटेवर उमरेडला कोळशाच्या उघड्या खाणी. कोराडी आणि खापरखेड्याला औष्णिक वीज केंद्रांची राख.

खनिज काढताना वरचा दगड-मुरूम बाजूला टाकावा लागतो. त्याचे डोंगर होतात. दिसायला ती माती वाटते, पण तिला माती म्हणता येणार नाही. मातीत कुजलेला पाला असतो, नत्र असते, असंख्य सूक्ष्मजीव असतात. ढिगाऱ्यात यातले जवळजवळ काहीच नसते. पाणी टिकत नाही, उन्हाळ्यात तो तापतो, पावसाळ्यात वाहून शेतात आणि ओढ्यात येतो आणि सोबत धातू आणतो. कायद्याच्या भाषेत राख आणि खाणीचा टाकाऊ माल 'घातक कचऱ्या'त मोडत नाहीत. प्रमाण प्रचंड पण विषारीपणा कमी, म्हणून त्यांना वेगळे ठेवले आहे. पण प्रचंड हा शब्दही हलका नाही. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, तेव्हा आसपासच्या शेतांनी आणि नाल्यांनी ते अनुभवले.

नीरीत डॉ. आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ढिगाऱ्यांवर काम केले. कल्पना साधी होती. ढिगाऱ्यात जे नाही ते द्यायचे. सेंद्रिय द्रव्यासाठी शेणखत, किंवा साखर कारखान्यातले प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळताना मागे राहणारा गाळ. नत्रासाठी रायझोबियम आणि ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू. स्फुरद मिळवून देण्यासाठी मुळांशी जोडून राहणारी मायकोरायझा ही बुरशी. आणि त्यावर इथल्या हवामानात टिकणारी झाडे. गुमगावच्या मँगनीजच्या ढिगाऱ्यांवर प्रेसमड वापरून असे प्रयोग झाले, आणि पुढे कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यांवर व वीज केंद्रांच्या राखेवर.

राखेवरच्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. क्षेत्र १० हेक्टर. हेक्टरी ५० टन शेणखत. राखेची पाणी धरून ठेवण्याची क्षमता ४० टक्क्यांवरून सुमारे ६२ टक्क्यांवर गेली. नत्र साडेचार पट झाले, स्फुरद दहा पट. बांबूच्या मुळांची वाढ पंधरा पट झाली. पंधरा पट म्हणजे कशाच्या? नुसत्या राखेत, काहीही न घालता लावलेल्या बांबूच्या. कोरा पट्टा नसता तर 'मुळे छान वाढली' एवढेच म्हणता आले असते. पंधरा हा आकडा त्या खुरटलेल्या बांबूंनी दिला.

याच प्रयोगात कॅडमियमची विषारी मात्रा २५ टक्क्यांनी, तर तांबे, निकेल आणि शिसे यांची ४६ ते ४८ टक्क्यांनी घटली. इथे वर्गात थांबून विचारावे: मग उरलेले शिसे गेले कुठे? तेल हे संयुगांचे मिश्रण आहे. जिवाणू ते फोडतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते आणि तेल खरोखर संपते. शिसे हे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू त्याचे दुसरे काही करू शकत नाही. शेणखतातल्या सेंद्रिय द्रव्याने धातूंना धरून ठेवले, म्हणून पाण्याला आणि मुळांना ते कमी मिळाले. विष तिथेच आहे, फक्त बांधलेले आहे. म्हणूनच अशा ढिगाऱ्याची तपासणी एका हंगामात संपत नाही. सेंद्रिय द्रव्य कुजून गेले, जमीन आम्ल झाली, तर गाठ सैल होऊ शकते.

आणखी एक हिशेब विद्यार्थ्यांना करायला द्या. हेक्टरी ५० टन म्हणजे १० हेक्टरांना ५०० टन शेणखत. एका बंडीत अर्धा टन धरला तर हजार बंड्या. ज्या भागात शेतकऱ्याला स्वतःच्या वावरासाठी शेणखत पुरत नाही, तिथे हजार बंड्या ढिगाऱ्यावर टाकायच्या? हा प्रश्न छोट्या कुंडीत कधीच पडला नसता, तो दहा हेक्टरांवर पडतो. प्रेसमड किंवा सांडपाणी शुद्ध करताना निघणारा गाळ वापरण्यामागे हाच विचार असतो. एका कचऱ्याने दुसऱ्या कचऱ्याला सावरायचे. कोळसा खाणीच्या १० हेक्टरांवर असा गाळ हेक्टरी ५० टन वापरला गेला, आणि तिथेही धातूंची मात्रा ३४ ते ४३ टक्क्यांनी उतरली. अर्थात त्या गाळात काय आहे, हे आधी तपासलेच पाहिजे.

जिथे कोरा पट्टा ठेवता येत नाही

काही चाचण्यांत मात्र कोरा पट्टा ठेवायला जागाच नसते. भोपाळची वायुगळती २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री झाली. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात उरलेला कचरा चाळीस वर्षे तिथेच पडून होता. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यातला १० टन कचरा पिथमपूर येथे भट्टीत चाचणी म्हणून जाळला गेला. जानेवारी २०२५ मध्ये सुमारे ३३७ टन कचरा तिथे नेला, तेव्हा पिथमपूरकर रस्त्यावर उतरले. न्यायालयाच्या देखरेखीखाली आधी ३० टनांच्या तीन चाचण्या झाल्या, ताशी १३५, १८० आणि २७० किलो या वेगाने. मग उरलेला कचरा जाळून जून २०२५ अखेर काम संपले. जाळताना चुना वगैरे मिसळावा लागतो, त्यामुळे मागे आठशे टनांहून अधिक राख आणि अवशेष उरले. आणि नीरीच्या २०१० च्या अहवालात कारखान्याच्या आवारातली जी ११ लाख टन दूषित माती सांगितली होती, ती या ३३७ टनांत नव्हतीच.

धुराड्यातला धूर मर्यादेत होता, असा अधिकृत निष्कर्ष निघाला. लोकांच्या मनातला प्रश्न वेगळा होता: मोजले कुणी, आणि आम्हाला ते कुणी समजावून सांगितले? उघड्या जमिनीवरच्या प्रयोगाच्या आसपास माणसे राहतात. ती त्याच हवेत श्वास घेतात, त्याच विहिरीचे पाणी पितात. प्रयोगाचा धोका त्यांनाही वाटून येतो. म्हणून आकडेही त्यांच्यापर्यंत पोचायला हवेत, आणि त्यांना कळतील अशा भाषेत.

वर्गातला पट्टा

ते आकडे वाचता येणारी माणसे तयार करणे हे शाळेचे काम आहे. त्यासाठी एक प्रयोग सुचवतो. राख वापरू नका, तिची धूळ छातीत जाते. विहिरीच्या किंवा पायाच्या खोदकामातून निघालेला मुरूम आणा. बारा सारख्या कुंड्या भरा. तीन कोऱ्या ठेवा. तिघांत शेणखत घाला, वरच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५ किलो या प्रमाणात, म्हणजेच हेक्टरी ५० टन. तिघांत फक्त रायझोबियम लावलेले मूग पेरा, ते पाकीट कृषी सेवा केंद्रात मिळते. उरलेल्या तिघांत दोन्ही करा. इतर कुंड्यांत साधे मूग पेरा. कोणत्या कुंडीत काय, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. कुंड्यांवर फक्त क्रमांक लिहा आणि यादी शिक्षकांनी स्वतःजवळ ठेवा. पेरणारा गट वेगळा आणि मोजणारा गट वेगळा. सहा आठवड्यांनी रोपे उपटून मुळे धुवा, त्यांची लांबी मोजा, मुळांवरच्या गाठी मोजा. यादी सर्वांत शेवटी उघडा.

कदाचित एखादी कोरी कुंडी खत घातलेल्या कुंडीहून सरस निघेल. मुले म्हणतील, 'सर, ही काढून टाकू या.' तिला काढू देऊ नका. ती का वाढली, यावर एक तास द्या. भिवापूरच्या वावरातला शेतकरीसुद्धा चार तास मोकळे सोडताना त्यांतले चांगले तेवढे मोजायचे, असे ठरवत नाही.